किती उशीर चालेल? : ऑपरेटिंग सिस्टिममधल्या टायमरची ओळख

गणपतीच्या आधीचे दोन महिने पेण तालुक्यातल्या हमरापूर-जोह्याच्या मूर्ती कारखान्यांत कुणाला उसंत नसते. गिऱ्हाईक मूर्ती पसंत करतं, क्यूआर कोड स्कॅन करून आगाऊ रक्कम भरतं आणि काही सेकंदांत मूर्तिकाराच्या फोनवर पैसे आल्याचा आवाज होतो. तेवढ्या वेळात गिऱ्हाइकाचं ॲप, त्याची बँक, यूपीआय चालवणारी मुंबईची एनपीसीआय आणि मूर्तिकाराची बँक या सगळ्यांच्या संगणकांनी एकमेकांना निरोप धाडलेले असतात. निरोप धाडताना प्रत्येक संगणक एक काम न चुकता करतो. तो टायमर लावतो. ठरल्या मुदतीत उत्तर आलं नाही तर पुढे काय करायचं, याची ती तजवीज. उत्तर येतं, टायमर रद्द होतो आणि तो लावला होता हे कुणाला कळतही नाही. ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात यूपीआयवर दोन हजार कोटींहून अधिक व्यवहार झाले. सरासरी काढली तर दर सेकंदाला सात हजारांच्या वर. या व्यवहारांपाठी जितके टायमर लागले, त्यांतले बहुतेक वाजण्याआधीच पुसले गेले.

हे पुस्तक त्या टायमरांविषयी आहे. ते कुठे ठेवायचे, कसे शोधायचे, कधी वाजवायचे आणि वाजवताना किती उशीर खपवून घ्यायचा, हे ऑपरेटिंग सिस्टिम कसं ठरवते, याविषयी आहे. टायमर म्हटलं की गजराचं घड्याळ डोळ्यांपुढे येतं आणि जितकं अचूक तितकं चांगलं असं वाटतं. पण संगणकाच्या आत अचूकता फुकट मिळत नाही. तिच्यासाठी प्रोसेसरचा वेळ जातो, मेमरी जाते, बॅटरी जाते. म्हणून टायमर रचणाऱ्याला आधी एका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं : हे काम किती उशिरा झालं तर चालेल? गेल्या पन्नास वर्षांत या क्षेत्रात ज्या चांगल्या कल्पना निघाल्या, त्या सगळ्या हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारल्यामुळे निघाल्या, असं माझं ठाम मत आहे आणि पुस्तकाची मांडणी त्याच मतावर उभी आहे.

सुरुवात विजेपासून करावी लागते. १९७० च्या दशकात युनिक्स ज्या पीडीपी-११ यंत्रांवर वाढली, त्यांचं घड्याळ थेट विजेच्या पुरवठ्याच्या ठेक्यावर चालू शकत असे. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, म्हणून सेकंदाला ६० ठोके. अगदी पहिल्या युनिक्समध्ये तारीख-वेळसुद्धा सेकंदाच्या साठाव्या भागांत मोजली जात होती. ३२ बिटांच्या आकड्यात असे ठोके जेमतेम सव्वादोन वर्षं मावतात, म्हणून ती पद्धत लवकरच बदलावी लागली. बारीक मोजायचं ठरवलं की लांबवर मोजता येत नाही, आणि लांबवर मोजायचं तर बारकावा सोडावा लागतो. या विषयातली ही पहिली देवाणघेवाण.

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. रोह्याच्या वरच्या अंगाला भिऱ्याचं जलविद्युत केंद्र १९२७ पासून चालू आहे. मुळशीचं पाणी सह्याद्री उतरून तिथली जनित्रं फिरवतं आणि मग कुंडलिकेतून कोलाड, रोहा करत रेवदंड्याच्या खाडीकडे जातं. ही जनित्रं ग्रिडशी जोडलेली असल्याने त्यांचा वेग ५० हर्ट्झशी बांधलेला असतो, पण तोही थोडा सैल. ग्रिडच्या नियमांनी ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ एवढी मोकळीक दिली आहे. वारंवारता तासभर ४९.९ वर राहिली, तर विजेच्या ठेक्यावर वेळ मोजणारं घड्याळ त्या तासात ७.२ सेकंद मागे पडेल. पुढे क्वार्ट्झ स्फटिक आले आणि संगणकाचं घड्याळ विजेच्या ठेक्यातून सुटलं. पण नियमित ठोक्याची कल्पना मात्र राहिली. त्या ठोक्याला 'टिक' म्हणतात. प्रत्येक टिकला प्रोसेसर हातातलं काम थांबवतो, वेळेचा आकडा वाढवतो, कुणाची मुदत संपली का ते पाहतो आणि पुन्हा कामाला लागतो.

सेकंदाला टिक किती असाव्यात? लिनक्सच्या २.४ आवृत्तीपर्यंत नेहमीच्या पीसीवर हा आकडा १०० होता. म्हणजे दर दहा मिलिसेकंदांनी एक टिक. अशा यंत्रावर एखाद्या प्रोग्रामने एक मिलिसेकंद झोप मागितली, तर त्याला जाग यायला दहा ते वीस मिलिसेकंद लागत. गाणी, व्हिडिओ, खेळ यांना हे पुरेनासं झालं, म्हणून डिसेंबर २००३ मध्ये आलेल्या २.६ आवृत्तीत हा आकडा थेट १,००० केला गेला. दीड-पावणेदोन वर्षांत, २.६.१३ मध्ये, तो खाली आणून मूळ निवड म्हणून २५० ठरवला गेला आणि १०० किंवा १,००० निवडायची सोय ठेवली गेली. हिशेब सोपा आहे. समजा एका टिकच्या कामाला पाच मायक्रोसेकंद लागतात. शंभर टिकांना सेकंदाचा ०.०५ टक्का जातो, हजार टिकांना अर्धा टक्का. अर्धा टक्का किरकोळ वाटेल, पण एक खर्च यात धरलेलाच नाही. प्रोसेसरला काही काम नसलं, तरी सेकंदाला हजार वेळा झोपेतून उठावं लागतं. लॅपटॉपची बॅटरी तिथेच जाते.

दुसरा मोठा प्रश्न टायमर ठेवायचे कसे हा. जुन्या युनिक्सने ते मुदतीच्या क्रमाने एका यादीत ठेवले. पुढचा टायमर कोणता हे पाहणं त्यात सोपं, कारण तो यादीच्या तोंडाशीच असतो. पण नवा टायमर घालायचा तर यादी चाळत त्याची जागा शोधावी लागते. दहा-वीस टायमर असतील तर बिघडत नाही. बँकेच्या सर्व्हरवर लाखभर जोडण्या उघड्या असतील, तर तेवढ्यानेच यंत्र दमतं.

या प्रश्नाचं सगळ्यांत देखणं उत्तर देणाऱ्या दोघांपैकी एकाचं शिक्षण मुंबईत, पवईच्या आयआयटीत झालं. जॉर्ज वर्गीस १९८१ मध्ये तिथून बी.टेक. झाले, अमेरिकेत गेले आणि डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये नेटवर्कवर काम करू लागले. तिथल्या टोनी लॉक यांच्यासोबत त्यांनी १९८७ मध्ये 'टायमिंग व्हील', म्हणजे टायमरांचं चक्र, ही रचना निबंधातून मांडली. कल्पना समजायला भिंतीवरचं कालनिर्णय पुरेसं आहे. दूधवाल्याचा हिशेब, गॅसचा नंबर, मुलाच्या फीची तारीख या गोष्टी आपण क्रमाने लावत बसत नाही. ज्या दिवशी ते काम करायचं, त्या दिवसाच्या चौकटीत लिहून टाकतो. लिहायला क्षणभर पुरतो, खोडायलाही तेवढाच. रोज सकाळी फक्त त्या दिवसाची चौकट पाहायची. वर्षभरानंतरची कामं मात्र आज चौकटीत लिहिता येत नाहीत. ती वेगळ्या वहीत ढोबळ महिन्याखाली लिहायची आणि नवं कालनिर्णय आलं की उतरवून घ्यायची. टायमिंग व्हीलमध्येही असंच घडतं. जवळच्या मुदतींसाठी बारीक चौकटींचं एक चक्र, लांबच्या मुदतींसाठी मोठ्या चौकटींची आणखी चक्रं. टायमर कितीही असोत, घालायला आणि काढायला लागणारा वेळ जवळजवळ सारखाच राहतो. लिनक्सने ही कल्पना उचलली. जावाच्या जगात 'नेट्टी' आणि 'काफ्का' या नावाजलेल्या सॉफ्टवेअरमध्येही ती आहे.

लांबच्या चौकटीतून जवळच्या चौकटीत टायमर उतरवून घेण्याचं काम मात्र खर्चीक ठरलं. एकाच टिकला शेकडो टायमर हलवावे लागले, की प्रोसेसर मध्येच अडकून पडे. २०१६ मध्ये लिनक्सच्या ४.८ आवृत्तीसाठी थॉमस ग्लाइक्सनर यांनी चक्राची पुनर्रचना केली. त्यामागची दृष्टी मला या पुस्तकातल्या सगळ्या गोष्टींहून महत्त्वाची वाटते. त्यांनी आधी पाहिलं की चक्रात बसलेले टायमर कोणत्या जातीचे आहेत. बहुतेक सगळे 'उत्तर आलं नाही तर' या जातीचे. ते वाजण्यासाठी लावलेलेच नसतात. वाजले तर आधीच काहीतरी बिनसलेलं असतं, आणि अशा वेळी थोडा जास्त उशीर झाल्याने काही फरक पडत नाही. मग रद्द होणारे टायमर चौकटी बदलत हलवायचेच कशाला? नव्या रचनेत टायमर एकदा ज्या चौकटीत पडला, तिथेच राहतो. लांबची चौकट मोठी, म्हणून लांबच्या टायमरला उशीर जास्त.

उदाहरण घेऊन पाहू. सेकंदाला १,००० टिकांच्या यंत्रावर ६३ मिलिसेकंदांपर्यंतच्या मुदतीला एक-एक मिलिसेकंदाची चौकट मिळते. त्यापुढे ५११ पर्यंत आठ मिलिसेकंदांची, ४,०९५ पर्यंत ६४ मिलिसेकंदांची, आणि त्यापुढे सुमारे ३२ सेकंदांपर्यंत ५१२ मिलिसेकंदांची. सर्व्हरने उत्तरासाठी तीन सेकंदांची मुदत लावली, तर ती ६४ मिलिसेकंदांच्या चौकटीत पडते आणि फार तर तेवढ्या उशिराने संपते. तीस सेकंदांच्या मुदतीला अर्ध्या सेकंदाचा उशीर होऊ शकतो. ६३ मिलिसेकंदांपुढच्या मुदतींच्या मानाने हा उशीर साडेबारा टक्क्यांपलीकडे जात नाही. टायमर वेळेआधी मात्र कधीच वाजत नाही, कारण अजून येऊ घातलेलं उत्तर नाकारणं हे उशिरापेक्षा वाईट.

ज्यांना खरोखर नेमकी वेळ हवी, त्यांच्यासाठी वेगळी सोय आहे. मार्च २००६ मधल्या २.६.१६ आवृत्तीत ग्लाइक्सनर आणि इंगो मोलनार यांचे उच्च अचूकतेचे टायमर आले. ते नॅनोसेकंदांत मोजतात आणि क्रम सांभाळणाऱ्या 'रेड-ब्लॅक ट्री' या रचनेत राहतात. तिथे टायमर घालायला चक्रापेक्षा जास्त वेळ लागतो, पण ज्याला अचूकता हवी त्यानेच तिची किंमत मोजायची, हा न्याय आहे. एकाच कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, दोन जातींच्या टायमरांसाठी दोन घरं बांधण्याचा हा निर्णय पुस्तकाच्या मधल्या भागाचा कणा आहे.

त्यानंतरचा सगळा काळ बॅटरीचा. २००७ च्या २.६.२१ आवृत्तीपासून रिकामा प्रोसेसर टिक बंद करून पुढच्या टायमरपर्यंत शांत झोपू शकतो. पण टिक बंद झाल्यावर वेगळीच गोष्ट उघडी पडली. प्रोसेसरला झोपू न देणारे बहुतेक जण कर्नलच्या बाहेरचे होते. कुणी प्रोग्राम सेकंदाला दहा वेळा उगाच डोकावून पाहत होता, कुणी मेल आला का हे विचारत होता. म्हणून २००८ मध्ये लिनक्सने 'टायमर स्लॅक' आणला. नेहमीच्या प्रोग्रामची झोप ५० मायक्रोसेकंदांपर्यंत लांबवायची मुभा कर्नलला मिळाली, म्हणजे जवळजवळचे टायमर एकदाच जागं होऊन उरकता येतात. विंडोज ७ मध्ये आणि ॲपलच्या २०१३ च्या 'मॅव्हरिक्स'मध्येही टायमर असे एकत्र बांधण्याची सोय आली. अँड्रॉइडने २०१३ च्या ४.४ आवृत्तीपासून ॲपचे साधे अलार्म मुळातच सैल धरले, २०१५ च्या ६.० मध्ये पडून असलेल्या फोनला गाढ झोपू देणारा 'डोझ' आणला, आणि २०२१ च्या बाराव्या आवृत्तीपासून नेमक्या वेळेच्या अलार्मसाठी वेगळी परवानगी लागू केली.

दिवा-रोहा मेमूने घरी येणाऱ्या माणसाच्या खिशातला फोन घ्या. नागोठण्याला उतरायचं म्हणून त्याने गजर लावून डोळे मिटले असतील, तर तो गजर मिनिटाने चुकूनही चालणार नाही, कारण गाडी पुढे निडीला जाईल. पण त्याच फोनवर हवामान, बातम्या, फोटोंची साठवण यांची जी ॲप आहेत, त्यांनी एकेकट्याने फोनला उठवण्याऐवजी दहा मिनिटांनी एकत्र उठवलं तर कुणाचं काही अडत नाही. दोन्हींना एकच नियम लावला, तर गजर तरी चुकेल किंवा बॅटरी तरी पेणच्या आधी संपेल.

याच प्रवासात आणखी एक देवाणघेवाण दिसते. समजा कासूच्या पुढे रेंज गेली. पाठवलेल्या माहितीची पोच आली नाही, म्हणून माहिती नीट पोचवण्याची जबाबदारी घेणारं टीसीपी ती पुन्हा पाठवतं आणि प्रत्येक वेळी थांबण्याची मुदत दुप्पट करतं. पहिला प्रयत्न एका सेकंदाने धरला, तर पुढचे तिसऱ्या, सातव्या आणि पंधराव्या सेकंदाला होतील. रेंज आठव्या सेकंदाला परत आली, तरी ती जोडणी पुढचे सात सेकंद गप्प बसून राहते. प्रवाशाला वाटतं नेटवर्क अजून आलेलं नाही. पण मुदत दुप्पट केली नाही, तर गर्दीच्या वेळी लाखो फोन एकदम तीच माहिती परत परत पाठवत बसतील आणि कुणाचंच काम होणार नाही. एकट्याचा उशीर आणि सगळ्यांची सोय यांचा हा हिशेब टायमरच्या एका आकड्यात बसवलेला आहे.

काही ठिकाणी मात्र उशीर अजिबात चालत नाही. रोह्याशेजारच्या धाटाव एमआयडीसीसारख्या रासायनिक वसाहतीत असा विचार करून पाहा. मोठ्या टाकीचं तापमान हळूहळू बदलतं, ते सेकंदाला एकदा वाचलं तरी भागतं. पण दाब मर्यादेबाहेर गेल्यावर व्हॉल्व्ह बंद करण्याची आज्ञा ठरलेल्या वेळेतच सुटली पाहिजे, सरासरीने लवकर सुटून उपयोग नाही. अशा नियंत्रकांत 'वॉचडॉग' टायमरही असतो. प्रोग्राम त्याला सतत मागे ढकलत राहतो. प्रोग्राम अडकला आणि ढकलणं थांबलं, तरच तो वाजतो आणि यंत्राला सुरक्षित स्थितीत नेतो. अशा हमीच्या वेळेसाठी लिनक्सवर दोन दशकं चाललेलं काम 'प्रीएम्प्ट-आरटी' या नावाने नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६.१२ आवृत्तीपासून मुख्य कर्नलमध्ये वापरता येऊ लागलं.

महासंगणकांचा अनुभव वेगळाच धडा देतो. २००३ मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेच्या संशोधकांनी ८,१९२ प्रोसेसरच्या 'आस्की क्यू' यंत्राचा वेग का पडतो, याचा छडा लावला. प्रत्येक प्रोसेसरवर ऑपरेटिंग सिस्टिमची बारीकसारीक कामं वेगवेगळ्या क्षणी चालत होती. हजारो प्रोसेसर एकमेकांसाठी थांबतात, तेव्हा कुणा एकाच्या अडथळ्यासाठी सगळेच थांबतात. ते अडथळे काढल्यावर त्यांच्या एका महत्त्वाच्या प्रोग्रामचा वेग जवळपास दुप्पट झाला. एका यंत्रावर अर्धा टक्का वाटणारा खर्च असा फुगतो. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये 'परम ८०००' उभा केल्यापासून महाराष्ट्रातही समांतर संगणनाची परंपरा आहे. या वाटेने जाणाऱ्या विद्यार्थ्याने हे प्रकरण जरूर वाचावं.

या सगळ्यात पैसे कोण भरतं, हेही पाहायला हवं. विंडोजची नेहमीची टिक १५.६ मिलिसेकंदांची. कोणताही प्रोग्राम ती एक मिलिसेकंदावर आणू शकत होता, आणि एकाने मागितली की ती सगळ्या यंत्राला लागू होई. क्रोम ब्राउझरने तशी मागणी केल्याने लॅपटॉपची बॅटरी लवकर संपते, अशी तक्रार बराच काळ होती. मागणाऱ्याला अचूकता मिळत होती आणि बॅटरी दुसऱ्याची जात होती. २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टने हा नियम बदलला. आता एकाच्या मागणीचा भार सरसकट इतरांवर पडत नाही. मला हा तांत्रिक बदलाइतकाच न्यायाचा बदल वाटतो.

पुस्तक पेण, रोहा, नागोठणे, कोलाडकडच्या अशा मुलामुलींसाठी लिहिलं आहे, जी डिप्लोमा करतात, किंवा लोणेऱ्याच्या बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात आणि मुंबई-पुण्याच्या महाविद्यालयांत संगणक शिकतात. अभ्यासक्रमातल्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या पुस्तकांत शेड्युलिंग आणि मेमरीवर भरपूर पानं असतात, टायमरला फार थोडी मिळतात. सी भाषा आणि लिनक्सची थोडी ओळख एवढंच इथे लागेल. पहिल्या भागात घड्याळ आणि टिक, दुसऱ्यात यादी, हीप आणि चक्र, तिसऱ्यात लिनक्सची दोन घरं, चौथ्यात बॅटरी आणि फोन, पाचव्यात हमीची वेळ. प्रत्येक भागाअखेर स्वतःच्या यंत्रावर करून पाहायचे प्रयोग आहेत. पहिला प्रयोग इथेच सांगतो. लिनक्सच्या 'प्रॉक' फोल्डरमध्ये 'इंटरप्ट्स' नावाची फाइल असते. तिच्यातली 'एलओसी' ही ओळ प्रत्येक प्रोसेसरवरचे टायमरचे व्यत्यय मोजते. यंत्र रिकामं असताना आणि जड प्रोग्राम चालू असताना, दहा-दहा सेकंदांच्या अंतराने ते आकडे टिपा आणि वजाबाकी करा. टिक कधी बंद होते आणि कधी चालते, हे तुम्हाला तुमच्याच यंत्रावर दिसेल.

वाचकांना एकच विनंती आहे. यापुढे प्रोग्राममध्ये टायमर लावाल, तेव्हा त्या ओळीशेजारी दोन गोष्टी लिहून ठेवा : हा टायमर वाजण्यासाठी लावला आहे की रद्द होण्यासाठी, आणि त्याला किती उशीर चालेल. दुसऱ्याचा प्रोग्राम तपासाल, तेव्हाही हेच दोन प्रश्न विचारा. उत्तर देता येत नसेल, तर तो टायमर अजून लिहून झालेला नाही असं समजा.